निघालो मढला, पोचलो मालाडला

मढला जाऊन आले म्हटलं की आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये पहिला प्रश्न येतो, "शूटिंग बघितलं का?" बघितलं. एका सिरियलमधली सून तीनदा रडताना बघितली, आणि तिसऱ्यांदा तिचं रडणं खरं वाटलं, कारण तोवर दुपारचे चार वाजले होते आणि तिला जेवायला सोडत नव्हते. पण मी गेले होते ते त्यासाठी नाही. किडनीच्या जुनाट आजाराच्या माणसांचा तिथे दोन दिवसांचा मेळावा होता, आणि बोलावलेल्यांच्या यादीत माझं नाव होतं. हे बिल्डिंगमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं. इथे सांगते.

मी शाळेत चित्रकला शिकवते. वय एकोणपन्नास. माझ्या दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी आहेत. हा आजार घराण्यातून येतो, माझ्याकडे तो बाबांकडून आला. मी अकरावीत असताना ते गेले. त्याआधी त्यांना दोनदा डायलिसिसला नेलं होतं आणि दोन्ही वेळा मी एका बंद दाराबाहेर बाकावर बसले होते. आत काय करतात ते तेव्हा कोणी दाखवलं नाही, आणि पुढच्या तीस वर्षांत मी बघायचं टाळलं.

डिसेंबरात माझे डॉक्टर म्हणाले, "आता हातावर फिस्टुला करून घ्या." म्हणजे मनगटाजवळ एक छोटं ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडतात. दोन-तीन महिन्यांत तिथली शीर जाड होते आणि पुढे डायलिसिसच्या सुया तिच्यात टोचता येतात. शीर तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून आधीच करायचं. मी "बघते" म्हणाले. मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं, मग प्रदर्शन आलं. फेब्रुवारी संपत आला तरी मी बघतच होते.

मेळाव्याचं ऋतानं काढलं. ऋता माझी मुलगी, तेवीस वर्षांची, पवईला एका कंपनीत कामाला आहे. "दोन दिवस तर आहेत, आई. समुद्र आहे, जेवण पथ्याचं आहे. नुसती बस."

"मला नुसतं बसता येत नाही."

"मग उभी राहा. पण चल."

शेवटी एका अटीवर तयार झाले. पटलं नाही तर शनिवारी संध्याकाळच्या बोटीनं परत.

घाटकोपर ते वर्सोवा

घाटकोपरहून मेट्रो घेतली. बसायला जागा होती, तरी मी वर्सोव्यापर्यंत उभी राहिले. त्या दिवसांत माझ्या पायांना एक खोड लागली होती. जरा टेकलं की पिंढऱ्यांत आतून मुंग्या चालल्यासारखं व्हायचं आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडायची नाही. शाळेत मी दोन तास वर्गभर फिरत राहायचे, मुलांना वाटायचं बाई फार लक्ष देतात.

वर्सोव्याच्या धक्क्यावर मासळीचा वास आणि मोटरसायकलींची रांग. बोटीत माणसांबरोबर मोटरसायकलीही चढतात. एकाची किक माझ्या पोटरीला लागली, तो म्हणाला, "सॉरी मावशी, सरकून घ्या ना जरा." सरकून घ्यायला एका बाजूला टोपली होती आणि दुसऱ्या बाजूला खाडी. मी मनात मोठ्या समुद्रप्रवासाची तयारी केली होती, ओवा आणि आवळासुपारी घेतली होती. ऋतानं पुडी उघडेपर्यंत मढ आलं.

मढ, शनिवार

बंगला शूटिंगला भाड्याने देतात तसला. बाहेरून राजवाडा, आतून गोदाम. हॉलच्या डाव्या भिंतीत नक्षीचं भारी दार होतं. मी ते उघडलं, तर मागे भिंतच. मला ते जरा लागलं. कुठेही गेले की बाहेर पडायची वाट कुठे आहे ते आधी बघून ठेवायची माझी सवय.

खरं दार दुसरीकडे होतं आणि तिथे कुंदाताई वजनकाटा घेऊन बसल्या होत्या. बोरिवलीच्या, निवृत्त नर्स. अकरा वर्षांपूर्वी त्यांना त्यांच्या आईची किडनी बसवली आहे. मेळावा त्यांचाच. "नमस्कार" वगैरे काही नाही, एकदम, "चप्पल काढा, चढा काट्यावर."

आपल्याकडे बायकांना वजन विचारलं तर राग येतो. इथे कशी आहेस असं कोणी विचारतच नाही, "आज किती?" विचारतात, आणि समोरचा ग्रॅमपर्यंत सांगतो. डायलिसिसवाल्यांचं कारण उघड आहे. लघवी होत नाही, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगात साठतं आणि काट्यावर दिसतं. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली होती आणि तिच्यावर पेनाने रेघा मारल्या होत्या, सकाळी इथपर्यंत, दुपारी इथपर्यंत. चहा औषधाच्या कपाएवढ्या कपातून. एक बाई तो कप वीस मिनिटं पीत होती. मी दोन घोटांत संपवला आणि चोरी केल्यासारखं वाटलं.

"तुम्हाला एवढं बंधन नाही," कुंदाताई म्हणाल्या. "तुमचं पथ्य वेगळं, त्यांचं वेगळं. एकमेकांचं बघून पाळू नका. फिस्टुला झाला?"

"बघतेय."

"हं," म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग सगळे गोल करून बसले, तीसेक माणसं असतील. ओळखी करून देताना आपण गाव सांगतो, ही माणसं वर्षं सांगत होती. "मी भांडुपचा, सहा वर्षं." "मी सांताक्रूझची, अडीच वर्षं, सोमवार-बुधवार-शुक्रवार." मधे हसणं, टाळ्या. पाळी माझ्याकडे सरकत आली तशी मी उठले, बाथरूमला जायचंय अशी खूण केली आणि बागेत तीन फेऱ्या मारून आले. परत आले तेव्हा पाळी माझ्या पुढे गेली होती. ऋता माझ्याकडे बघत होती.

माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. सामंतकाका. राहायला घाटकोपर, मूळ मालवण, चार वर्षं डायलिसिसवर. त्यांनी हळूच बाही वर केली. कोपराच्या खाली जाड, वेटोळी शीर, जून वेलीच्या बुंध्यासारखी.

"घाबरतस कित्याक? हात लाव."

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी माझी बोटं धरून तिथे ठेवली. आत काहीतरी थरथरत होतं. चालू शिवणयंत्रावर हात ठेवला की लागतं तसं, सतत. मी बोटं काढून घेतली.

"ह्यां वाजता म्हणजे मी जित्तो," काका म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. हसता हसता त्यांना धाप लागली.

जेवण तिथल्याच गावातल्या फिलूबायकडे होतं. मढच्या जुन्या ख्रिस्ती घरातली ही बाई, शूटिंगच्या लोकांना पन्नास-पन्नास माणसांचं जेवण घालते. तिला कुंदाताईंनी पथ्याची यादी दिली होती आणि ती यादी तिला अपमान वाटत होती.

"बटाटा चिरून पान्यात टाक, पानी फेक, परत उकड, परत पानी फेक," ती मला सांगत होती. "मग त्यात बटाटा कुठं राहिला, बाय? आनि मीठ नाय! मीठ नाय तर माझं नाव खराब."

पण तिने हार मानली नव्हती. घरच्या मसाल्याची चिमूट, लसूण, भरपूर लिंबू आणि मिरी घालून तिने दुधी केला होता, आणि माशाचा एकेक छोटा तुकडा नुसता हळद-लिंबावर. खरं सांगते, मी घरी वर्षभर बिनमिठाचं गिळत होते, त्या दिवशी पहिल्यांदा जेवले. सगळे तिला हाका मारून सांगत होते. ती दारात उभी राहून कोण ताटात काय टाकतंय ते बघत होती.

दुपारी सगळे आडवे झाले. मी आडवी झाले की पाय सुरू होतात, म्हणून बाहेर पडले. शेजारच्या बंगल्यात ते मघाचं शूटिंग. फाटकातून एक अँब्युलन्स आत यायची, सून धावत जाऊन तिच्यावर कोसळायची, कोणीतरी ओरडायचं, अँब्युलन्स मागे जायची. तिसऱ्या रडण्यानंतर मी धक्क्याकडे चालू लागले. ऋताला मेसेज केला, "मी धक्क्यावर. तू बॅगा घेऊन ये." तिचं उत्तर आलं नाही.

रस्ता कोळीवाड्यातून जातो. दोन्ही बाजूंना बांबूंच्या मांडणीवर बोंबील वाळत घातलेले, जोडीजोडीनं अडकवलेले, मधून ऊन येत होतं. दुसरं कुठलं मन असतं तर मी तिथे बसून चित्र काढलं असतं. वही पिशवीत होती. पण मला फक्त बोट दिसत होती.

धक्क्याजवळ शहाळीवाला होता आणि त्याच्या बाकड्यावर सामंतकाका. हातात शहाळं. मला बघून त्यांनी डोळे मिटले, तळापर्यंत ओढून घेतलं आणि मग बोलले.

"माज्या परसात पंचवीस माड आसत. आणि चार वर्सां मी शाळ्याचा पानी पिवाक नाय. ह्यो खयचो न्याय गो?"

डायलिसिसवाल्याला शहाळं म्हणजे विष, एवढं मलाही माहीत होतं. त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि थेट हृदयावर जातं. सकाळीच कुंदाताईंनी ते दोनदा सांगितलं होतं. मी म्हटलं, "काका, हे बरं नाही."

"कुंदाक सांगा नको. तुका माजी शपथ." आणि त्यांनी दुसरं फोडायला सांगितलं. मग खिशातून कागदाची पुडी काढली. भाजलेला सुका बोंबील, कुठल्याशा घरातून मागून आणलेला. अर्धा मला देऊ केला. मी घेतला नाही. पण सांगितलंही नाही काही. मी कोण सांगणारी, असं वाटलं. मी स्वतः डिसेंबरपासून पळत होते आणि आत्ताही बोटीकडेच निघाले होते. पळणाऱ्यानं पळणाऱ्याला काय अडवायचं?

बोट लागली होती. मी पुढे झाले तशी मागून हाक आली.

"गो बाय, माका जरा वरपर्यंत सोडशीत? पाय जड झालेत."

बोट गेली. मी त्यांची पिशवी घेतली, त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही थांबत थांबत परत आलो. वाटेत त्यांनी सांगितलं की शुक्रवारी सामान भरायचं म्हणून ते डायलिसिसच्या मशीनवरून एक तास आधीच उठले होते. "तास कमी पडलो म्हणून मानूस मरत नाय," म्हणाले. फाटकात ऋता उभी होती, दोन्ही हात मोकळे. बॅगा तिने भरल्याच नव्हत्या. "उद्या जाऊ ना," म्हणाली. माझ्यात भांडायचं बळ नव्हतं.

मढ, रविवार सकाळ

सकाळी सात वाजता गच्चीवर हलका व्यायाम होता. समुद्र भरतीला होता, पलीकडे वर्सोव्याच्या इमारती धुरकट. सगळे हात वर करत होते आणि मी माणसं मोजत होते. सामंतकाका नव्हते. दुसऱ्यांदा मोजलं. मग खाली गेले.

ते पलंगाच्या कडेवर बसले होते, एक पाय चपलेत, दुसरा बाहेर. "उचलतच नाय," म्हणाले. आवाज बारीक. "जीभपण जड झाली." कपाळावर घाम होता आणि श्वास वरवरचा.

मी ओरडले. कुंदाताई आल्या, नाडी धरली, घड्याळ बघितलं, परत धरली. "काल काय खाल्लंत?"

"तुमचाच जेवान," काका म्हणाले.

कुंदाताईंनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं. काका माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत कालची शपथ होती.

"दोन शहाळी," मी म्हटलं. "आणि सुका बोंबील. संध्याकाळी पाचच्या सुमारास. आणि शुक्रवारी तासभर आधी उठलेत मशीनवरून."

कुंदाताई माझ्याकडे वळल्या. "काल का नाही बोललीस?" एवढंच. काल त्या मला तुम्ही म्हणत होत्या. मग फोन. मालाडहून अँब्युलन्स यायला पाऊण तास लागेल असं उत्तर आलं. त्यांनी फोन ठेवला आणि चालत शेजारच्या बंगल्यात गेल्या.

दोन मिनिटांत ती कालची अँब्युलन्स आमच्या फाटकात उभी होती. ड्रायव्हर पन्नाशीचा, गोंधळलेला. "मॅडम, ये सिर्फ दिखाने का है. अंदर कुछ नहीं है."

"चाकं आहेत ना? चला."

आत खरंच काही नव्हतं. ऑक्सिजनचा सिलिंडर प्लायवूडचा, वर रंग दिलेला. स्ट्रेचर तेवढं खरं. काकांना त्यावर निजवलं, डोकं कुंदाताईंनी मांडीवर उंच धरलं. "तूही चढ," त्या मला म्हणाल्या. "तू बघितलंयस त्यांनी काय खाल्लं, डॉक्टरला तूच सांगायचं." ऋता मागून रिक्षानं येते म्हणाली.

सायरन मात्र खरा होता. मार्वे रोडचा तो रस्ता किती वळणांचा आहे ते मला तेव्हा कळलं. आक्सा गेलं, मालवणी आली, रविवारचा बाजार भरत होता, आणि माणसं हातगाड्या ओढून आम्हाला वाट देत होती. मी काकांचा डावा हात धरून बसले होते, काल ज्याला हात लावून बोटं काढून घेतली होती तोच. अंगठा शिरेवर ठेवला होता. थरथर चालू आहे की नाही, एवढंच बघत होते. गाडी खड्ड्यात गेली की ती हरवायची, मी अंगठा सरकवत शोधायचे. मग परत लागायची.

"बोलत राहा त्यांच्याशी," कुंदाताई म्हणाल्या.

काय बोलू? मी विचारलं, "काका, पंचवीस माडांना नावं दिलीत का?"

"येडी आसस," ते पुटपुटले. "माडाक कोण नाव ठेयता?"

मालाड

हॉस्पिटलात त्यांना आत घेतलं, छातीला पट्ट्या लावल्या. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, शाळेतल्या मुलीसारखं, क्रमाने. कार्डिओग्रामचा कागद बघून त्यांनी लगेच इंजेक्शन मागवलं आणि वर डायलिसिसला फोन लावला. काकांचा मुलगा घाटकोपरहून निघाला होता. कुंदाताईंना कागदपत्रं करायची होती.

"वर त्यांच्याजवळ कोणीतरी हवं," त्या म्हणाल्या. "तू जा."

"मी बाहेर बसते."

"बाहेर बसून काय करणार? आत ते एकटे आहेत."

डायलिसिसच्या खोलीचं दार ढकललं तर सहज उघडलं. तीस वर्षं मी त्या दारामागे काय काय कल्पून ठेवलं होतं ते इथे सांगत नाही. आत एक मोठी उजेडाची खोली होती, आठ-दहा खुर्च्या, प्रत्येकीशेजारी एकेक मशीन. एक बाई मांडीवर ताट घेऊन एका हाताने मटार सोलत होती. एक जण मोबाइलवर मॅच बघत होता आणि विकेट गेली म्हणून शिव्या देत होता. एक जण घोरत होता. नळ्यांतून रक्त जात होतं आणि परत येत होतं, आणि कोणी तिकडे बघतही नव्हतं. मीच बघत होते. बाबा असेच पडले असतील का, की तेव्हा वेगळं होतं? त्यांच्याजवळ कोण बसलं होतं? आईला मी हे कधी विचारलं नाही, आणि आता आई नाही.

काकांच्या शिरेत दोन सुया गेल्या. मी दुसरीकडे बघितलं नाही. तासाभरानं त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. ओठ ओले केले आणि डोळे उघडले.

"तू सांगितलंस त्यांका?"

"हो."

"किती सांगितलंस?"

"दोन."

त्यांनी मोकळ्या हाताने मला जवळ बोलावलं. "तीन होती. एक तू येवच्या आधी."

मी जाऊन नर्सला सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे, पूर्ण चार तास ठेवू. आणि इंजेक्शनं परत बघू."

काकांचा मुलगा आला तेव्हा मी बाहेर आले. ऋता बाकावर बसली होती, पायांशी दोन्ही बॅगा. मी तिला काकांचं सांगितलं. ते वाचले, मुलगा आलाय, त्याने आधी त्यांना झापलं आणि मग कपाळावरून हात फिरवला, हेही सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तू काल बघितलं होतंस तरी का नाही बोललीस?"

"ते म्हणाले, सांगू नको. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय."

"हं." ती बॅगेचा बंद ओढत होती. "आई, मी पण एक सांगितलं नाही."

मला कळलं. आई असल्याने कळलं असेल, किंवा तीन वर्षं मी तेच ऐकायला घाबरत होते म्हणून. तिने दोनदा विचारलं होतं, मीही तपासून घेऊ का, आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला होता. एकदा तर रागावले होते.

"केव्हा केलीस?"

"जानेवारीत. सोनोग्राफी. पवईतच."

"आणि?"

"आहेत. लहान आहेत, पण दोन्हीकडे."

मी उठले. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले, जिना उतरले, खाली औषधाच्या दुकानासमोर उभी राहिले, परत वर आले. पुन्हा उतरले. दुसऱ्यांदा वर आले तेव्हा कुंदाताई कागद हातात घेऊन जिन्यात होत्या. मला बघून त्या बाजूला झाल्या.

ऋता तिथेच होती. रडत नव्हती. आईने यावं किंवा येऊ नये, दोन्हीची तयारी करून बसली होती असं वाटलं.

"कोण गेलं होतं तुझ्याबरोबर?"

"कोणी नाही. हाफ डे टाकला."

"तुझ्या बाबांना माहीत आहे?"

"नाही. म्हटलं आधी तुला. पण तू ऐकतच नव्हतीस ना."

ते एकच वाक्य मला लागलं. आजाराचं दुःख पुढे अनेक दिवस पुरलं, पण त्या क्षणी डोळ्यांसमोर एवढंच होतं. सोनोग्राफीच्या टेबलावर ती एकटी पडली आहे, पोटावर तो थंड जेल, आणि पडद्यावर काय दिसतंय ते डॉक्टर बोलायच्या आधीच तिला समजलंय, कारण माझे रिपोर्ट तिने लहानपणापासून पाहिलेत.

मी तिच्याशेजारी बसले. "केवढ्या आहेत? डावीकडे जास्त की उजवीकडे? बीपी किती? पाणी किती प्यायला सांगितलंय?"

ती सांगत गेली. सगळं तिच्या मोबाइलमध्ये लिहिलेलं होतं, तारखेनिशी. वर्षातून एकदा तपासायचं, बीपी सांभाळायचं, पाणी भरपूर प्यायचं. वीस-पंचवीस वर्षं काहीही होणार नाही कदाचित. आता औषधंही निघालीत, म्हणाली. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. आजार माझा, आणि अभ्यास तिचा.

"तू घाबरलीस?" मी विचारलं.

"तुला बघून घाबरते गं," ती म्हणाली. "गाठींना नाही. तू जशी पळतेस ना, ते बघून वाटतं, पुढे इतकं भयंकर आहे की आईला बसवतसुद्धा नाही."

आतून तो मॅचवाला "आउट! आउट!" म्हणून ओरडला, कोणीतरी त्याला दटावलं.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "आत ये. बघून घे. काही नाहीये तिथे."

"तू येशील?"

"मी येतेच आहे."

नर्स आधी नको म्हणाली, मग पाच मिनिटं म्हणाली. सामंतकाकांनी माझ्याकडे बोट दाखवत ऋताला विचारलं, "ही तुजी आवस? हिका चुकूनसुद्धा काय गुपित सांगू नको." मटारवाल्या बाईंनी ऋताला दोन शेंगा दिल्या.

मुलुंड

मढची बोट परतीला मिळाली नाही, आम्ही मालाडहूनच घरी आलो. त्या रात्री मी ऋताच्या बाबांना सगळं सांगितलं, ती शेजारी बसली होती. ते बराच वेळ टीव्हीच्या बंद पडद्याकडे बघत बसले, मग उठून तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

काका दोन दिवसांनी घरी गेले. त्यांच्या मुलाने घरात शहाळ्याचं नाव काढायची बंदी केली आहे, अशी तक्रार ते मला फोनवर करतात. मी ऐकून घेते आणि शुक्रवारी पूर्ण वेळ बसलात का ते विचारते. कधी खरं सांगतात, कधी सांगत नाहीत. आवाजावरून ओळखू येतं.

मार्चमध्ये माझ्या डाव्या हाताचं ऑपरेशन झालं. फक्त हाताला भूल दिली होती, तासभर लागला. मी पूर्ण वेळ छताकडे बघत पायाची बोटं हलवत होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, पाय हलले तरी चालतील, हात हलवू नका." हातावर आता तीन इंचांचा व्रण आहे. वर्गात एका मुलीनं विचारलं, मी तिला खरं सांगितलं. तिने हात लावून बघितला आणि मग सगळ्या वर्गाची रांग लागली. त्या दिवशी चित्रकला झाली नाही.

एप्रिलमध्ये हाताच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जायचं होतं. ऋतानं त्याच दिवशी स्वतःचीही वेळ घेतली. तिचे बाबा येतो म्हणत होते, आम्ही नको म्हटलं. वेटिंग हॉलमध्ये गर्दी होती, एकच खुर्ची रिकामी, आम्ही आळीपाळीने बसत होतो. तिच्या मांडीवर तिची नवी कोरी फाइल, माझ्या पिशवीत माझी जाडजूड, कोपरे दुमडलेली.

आतून नर्स बाहेर आली आणि आमचं आडनाव पुकारलं. आम्ही दोघी पुढे झालो. तिने एकदा माझ्याकडे, एकदा ऋताकडे बघितलं.

"यात पेशंट कोण?"

"मी," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.